दहीभाताला दोष देऊ नका

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आमच्या मालकांचा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अपघात झाला. वय ३६, दुधाचा टेम्पो चालवतात. रात्री मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यात उभी उसाची ट्रॉली दिसली नाही. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रेडियम. डावीकडच्या पाच फासळ्या मोडल्या, मांडीचं हाड मोडलं, हँडल पोटात बसून पाणथरी (स्प्लीन) फुटली. त्याच रात्री ऑपरेशन करून पाणथरी काढली, सहा बाटल्या रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी मांडीत रॉड घातला. तिसऱ्या दिवशी तोंडातली नळी काढली, बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या थोडं भरवा, म्हणून मी घरून दहीभात नेला, चार घास दिले. पाचव्या रात्री बिघडलं. सहाव्या दिवशी परत व्हेंटिलेटर, छातीत न्यूमोनिया आणि सेप्सिस झाला म्हणाले. सत्तावीस दिवसांनी घरी आणलं. आता घरी येऊन सात आठवडे झालेत.

सासूबाई म्हणतात, थंड दहीभातानं छातीत धरलं. नणंद म्हणते, दवाखान्यानं घाण केली. मला झोप लागत नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं तर जंतू आले कुठून? दणकट माणूस, कधी साधी गोळी घेतली नाही, त्यांची प्रतिकारशक्ती गेली कुठं? त्या दिवसांत ते मला म्हणाले, "तूच मला इथं डांबलंयस," ते मनातून जात नाही. आता गुळवेलीचा काढा चालू आहे, शिवाय मेहुण्यांनी एक चूर्ण आणलंय. अजून काय द्यावं? हे पुन्हा होईल का? मी रोजचं पोरीच्या चौकटीच्या वहीत लिहीत होते. त्या पानांची आणि रिपोर्टांची झेरॉक्स जोडली आहे.

(नाव छापू नये.)

---

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नेहमीसारखं. दुसऱ्यांदा फक्त एक शब्द शोधत, 'लस'. पत्रात तो नव्हता, वहीच्या पानांत नव्हता, डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्समध्येही नव्हता. पाणथरी काढलेल्या माणसाच्या कागदपत्रांत तो शब्द नसणं मला तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त खटकलं. सदर छापून यायला दिवस जातात, म्हणून तेवढ्यापुरतं तुम्हाला आधीच कळवलं आहे. इतर वाचकांसाठी त्याबद्दल पुढे लिहिते. आधी तुमची झोप उडवणारा दहीभात.

त्याचा काही संबंध नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर होता, सिस्टरनी सांगितलं होतं, आणि वहीत तुम्ही लिहिलंय की पलंगाची उशाकडची बाजू वर करून, बसवून, चमच्याने भरवलं, ठसका लागला नाही. यापेक्षा नीट कोणी भरवत नाही. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात घास किंवा पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, हे खरं. म्हणून अर्धवट शुद्धीतल्या पेशंटला चमचाभर पाणीसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नये. तुमच्या बाबतीत तसं झालेलं नाही. उलट मोठ्या अपघातानंतर पोट फार दिवस रिकामं ठेवलं तर आतड्याचं अस्तर कमजोर होतं, म्हणून हल्ली शक्य असेल तर एक-दोन दिवसांतच नळीने का होईना अन्न सुरू करतात. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांचा मुलगा मरता मरता वाचलाय. त्यांनाही कुठेतरी बोट ठेवायचं आहे आणि तुम्ही जवळ सापडलात, इतकंच.

आता जंतू आले कुठून, आणि एवढ्या दणकट माणसाची प्रतिकारशक्ती गेली कुठे? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा आधी घेते, कारण गंमत तिथे आहे. गंमत हा शब्द तुमच्या दुःखापुढे बरा दिसत नाही, पण शरीराच्या या वागण्याचं मला अजूनही नवल वाटतं.

आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. दीडशे कोटी वर्षांहूनही आधी हे कण स्वतंत्र जीवाणू होते. कधीतरी दुसऱ्या पेशीच्या पोटात शिरले आणि तिथेच भाडेकरू म्हणून राहिले, ते आजतागायत. पण जुनी ओळख पुसली गेली नाही. त्यांचा डीएनए अजून वेगळा आहे, आणि त्यांची प्रथिनं जीवाणूंच्याच ढंगाने सुरू होतात. पेशी शाबूत आहे तोवर हे घरातलं गुपित घरातच राहतं. हाड मोडतं, स्नायू चेंगरतो, पाणथरी फुटते, तेव्हा फुटलेल्या लाखो पेशींमधून हे कण रक्तात सांडतात. पांढऱ्या पेशी बघतात तर सगळीकडे जीवाणूंसारखं काहीतरी! बोस्टनच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवलं, तेव्हा कुठे एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. अपघाताच्या पहिल्या दिवशी पेशंटच्या रक्तात एकही जंतू नसतो, तरी त्याला ताप, धडधड, सूज असं सगळं जंतुसंसर्गासारखं का होतं? साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. साप नसतो, भुई मात्र आपलीच असते.

तुमच्या वहीत दुसऱ्या दिवशी लिहिलंय, 'ताप १०१, सुजलेत, डॉक्टर म्हणाले एवढं चालतं.' ते बरोबर होतं. तो ताप मारानेच आलेला होता.

पण शरीर येडं नाही. एवढी आग लागल्यावर ते ब्रेकही दाबतं. पूर्वी आम्हाला शिकवायचे की आधी भडका आणि मग काही दिवसांनी थंडावा, एकापाठोपाठ एक. अमेरिकेतले डॉक्टर रॉजर बोन यांनी १९९६ च्या सुमाराला या थंडाव्याला स्वतंत्र नाव दिलं. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या काही ट्रॉमा केंद्रांनी गंभीर जखमी झालेल्या दीडशेहून अधिक माणसांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. पेशींतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त जनुकांचं कामकाज बदललेलं निघालं, आणि भडका व ब्रेक दोन्ही पहिल्या काही तासांतच, एकदम सुरू झालेले होते. जे सुखरूप बरे झाले त्यांच्यात आणि ज्यांची गुंतागुंत झाली त्यांच्यात वादळ एकाच जातीचं होतं. फक्त पहिल्यांचं लवकर ओसरलं, दुसऱ्यांचं रेंगाळलं.

रिपोर्टांच्या झेरॉक्समध्ये सहाव्या दिवसाचा कागद काढा. पांढऱ्या पेशी १८,४००. तुमच्या नणंदेने त्याच्या बाजूला पेनाने लिहिलंय, 'एवढ्या पेशी होत्या तरी?' चांगला प्रश्न विचारलाय. त्याच कागदावर चार ओळी खाली लिम्फोसाइट ५ टक्के आहेत. म्हणजे १८,४०० मधल्या फक्त ९२०. एरवी हे प्रमाण २० ते ४० टक्के असतं. लिम्फोसाइट म्हणजे शत्रू ओळखून, लक्षात ठेवून, नेमका मारा करणाऱ्या जाणत्या पेशी. मोठ्या मारानंतर त्या धडाधड मरतात किंवा गप्प बसतात. हाडांच्या मगजातून मग भरती होते ती कोवळ्या पोरांची. संख्या फुगते, कामाला मात्र अर्धवट. जंतूचा तुकडा पकडून 'हा बघा चोर' असं इतरांना दाखवण्याचं काम करणाऱ्या पेशीही त्या दिवसांत हात खाली घालून उभ्या असतात. डिस्चार्जच्या दिवशीचा कागद बघा, एकूण ९,८०० आणि लिम्फोसाइट १९ टक्के. वादळ गेल्याची खूण आहे ती.

म्हणून 'प्रतिकारशक्ती गेली कुठे' याला माझं उत्तर असं की ती कुठे गेली नव्हती. एका अंगाने ती नको तेवढी चढली होती आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगाने खचली होती. गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी झालं की पंप लावावा, तसा तिचा हिशेब नाही. हे लक्षात ठेवा, काढ्या-चूर्णांबद्दल लिहिताना पुन्हा इथेच यायचं आहे. आणि दणकटपणाचं म्हणाल, तर दणकट होते म्हणूनच ते त्या रात्री टेबलावर टिकले. पण सहा बाटल्या रक्त जाणं, पोट उघडणं, मांडीत रॉड, यापुढे कोणाचीच तब्येत फुशारकी मारू शकत नाही.

आता जंतू. ते बहुतेक वेळा बाहेरून चालून येत नाहीत, आपल्याच तोंडात, आतड्यात, कातडीवर असतात. काही हॉस्पिटलातले असतात, नळावरचे, पलंगाच्या दांड्यावरचे, हातांवरचे. एरवी त्यांना दार मिळत नाही. त्या आठवड्यात मालकांच्या अंगावर किती दारं होती मोजा. घशातली नळी, मानेतली सुई, छातीतला पाइप, लघवीची नळी, पोटाचे टाके, मांडीचे टाके. यांतली एकही नळी चैनीची नव्हती, प्रत्येकीने त्यांना जगवायचं काम केलं. पण दार ते दारच. त्यात पाच मोडक्या फासळ्या! त्यांना खोकायला सांगितलं की ते शिवी द्यायचे, असं वहीत आहे. मोडक्या फासळ्यांवर खोकणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पण माणूस दुखतंय म्हणून वरवर श्वास घेतो, कफ तळाशी साचतो, आणि डाव्या फुफ्फुसाच्या तळाला न्यूमोनिया होतो. कफाच्या तपासणीत क्लेब्सिएला नावाचा जीवाणू निघालाय. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये हा नेहमीचा गडी, आणि बऱ्याच अँटिबायोटिकांना तो दाद देत नाही.

अपघातातले मृत्यू तीन टप्प्यांत होतात, हे अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड ट्रंकी यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं. काही जागच्या जागी, काही पहिल्या काही तासांत, आणि काही दिवसा-आठवड्यांनी, जंतुसंसर्गाने आणि अवयव बंद पडून. 'ऑपरेशन चांगलं झालं' हे वाक्य दुसऱ्या टप्प्याबद्दलचं असतं. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. फक्त तिसरा टप्पा अजून आहे हे त्यांनी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं. आम्ही ते सांगत नाही. घाई असते, आणि खरं सांगायचं तर घरच्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसत असतं, ते पुसावंसं वाटत नाही.

'शरीरात विष पसरणं' ही सेप्सिसची जुनी समजूत आहे. २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नवी व्याख्या केली. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर बेताल होऊन स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागणं म्हणजे सेप्सिस. चोर सोडून संन्याशाला फाशी. रक्तवाहिन्या गळायला लागतात, प्रेशर पडतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड आणि मेंदूला रक्त पुरत नाही. २०१७ या एका वर्षात जगात चार कोटी नव्वद लाखांच्या आसपास लोकांना सेप्सिस झाला आणि एक कोटी दहा लाख गेले, म्हणजे पाचातला एक मृत्यू याच्याशी जोडलेला. एवढा मोठा आजार, आणि गावात त्याला नीटसं नावही नाही. 'ताप मेंदूत गेला', 'अंगात पू झाला' असं काहीबाही म्हणतात.

तुमची वही मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या तोडीची आहे. पाचव्या दिवसाचं पान माझ्यासमोर आहे. 'सायं. ६. घरी जायचंय म्हणतात, म्हशींना वैरण टाकायचीय. रा. ८. अंग कापतंय, हात गार, कपाळ गरम. लघवीची पिशवी दुपारपासून तेवढीच. रा. १०. धाप लागल्यासारखं, तोंडानं श्वास. सिस्टरना सांगितलं.' तुम्ही सहाला भ्रम टिपला, आठला थंडी, गार हात आणि कमी लघवी टिपली, दहाला श्वास टिपला. सेप्सिस ओळखायला शिकणाऱ्या पोरांना मी हेच मुद्दे घोकायला लावते. तुम्ही चौकटीच्या वहीत ते आपोआप लिहिलेत.

श्वासावरून आठवलं. मी शिकाऊ डॉक्टर असताना, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, रात्रीच्या राउंडला एका तरुण पेशंटच्या चार्टवर श्वासाचा आकडा दिसायचा, २०. काल २०, सकाळी २०, दुपारी २०. त्याच्या शेजारच्याचाही २०. अख्ख्या वॉर्डाचा २०! कोणी मोजतच नव्हतं. थर्मामीटर बोलतो, प्रेशरचं मशीन बोलतं, श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरून मोजले, ३४. त्या मुलाला आम्ही उशिरा पकडलं होतं. त्यानंतर आजतागायत मी चार्टवरच्या २० या आकड्यावर विश्वास ठेवलेला नाही.

दवाखान्याचा दोष होता का? पत्रावरून तसं ठरवता येत नाही आणि मी ठरवणारही नाही. उत्तम चाललेल्या आयसीयूमध्येही असं होतं, आणि गलथान ठिकाणी जास्त होतं. रात्री दहाला तुम्ही सांगितल्यावर कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी) रक्त कधी घेतलं, अँटिबायोटिक कधी बदललं, हे केसपेपरवर वेळेसकट असायला हवं. प्रेशर पडलेल्या सेप्सिसमध्ये पहिला डोस तासाभरात जावा असं मानतात. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत कागदपत्रांची प्रत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नणंदेला भांडायचं असेल तर आधी ते कागद घ्या, आणि ओळखीच्या फिजिशियनकडून वाचून घ्या. एक मात्र त्या डॉक्टरांच्या बाजूनेही लिहिते. सहाव्या दिवशी परत व्हेंटिलेटरवर गेलेला, पाणथरी नसलेला माणूस सत्ताविसाव्या दिवशी घरी जातो, तेव्हा कोणीतरी रात्री जागलेलं असतं.

"तूच मला इथं डांबलंयस" हे मालक बोलले नाहीत, ताई. मेंदूला सेप्सिस, गुंगीची औषधं आणि आठवडाभराचं जागरण एकत्र झालं की आयसीयूमध्ये भल्याभल्यांना भ्रम होतो. छतावर मुंग्या दिसतात, सिस्टर विष टोचतेय असं वाटतं, आणि राग निघतो तो सगळ्यात जवळच्या माणसावर. त्यांना आज विचारलंत तर बहुधा आठवणारही नाही. आठवलं तरी स्वप्नासारखं, तुटकतुटक. त्यांना अजून रात्री दचकून जाग येते, केस पुंजक्याने गळतात, टेम्पोचा हिशेब चुकतो, असं तुम्ही मागच्या पानावर लिहिलंय. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि परत येतात. हिशेब, झोप, मांड्यांतली ताकद यांना मात्र कित्येक महिने लागतात, कधी वर्ष. दचकून उठणं कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि तुमची झोपही अशीच उडालेली राहिली तर तुम्हीही दाखवा.

आता पाणथरी. डाव्या बरगड्यांखाली लपलेला हा मुठीएवढा अवयव. फार काळ सर्जन लोक त्याला बिनकामाचा समजत. फुटली, काढली, टाकली. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर या अमेरिकन सर्जननी पाच तान्ह्या बाळांची हकीकत छापली. पाणथरी काढल्यानंतर या बाळांना भयंकर जंतुसंसर्ग झाले होते, तेव्हा डोळे उघडले. हल्ली जमेल तिथे पाणथरी वाचवायचा प्रयत्न करतात. पण पोटात रक्त भरतंय आणि प्रेशर टिकत नाही अशा वेळी ती काढण्यावाचून इलाज नसतो. तुमच्याकडे तेच झालं.

काही जीवाणूंच्या अंगावर साखरेचं बुळबुळीत कवच असतं, न्यूमोकोकस त्यांतला म्होरक्या. साध्या पांढऱ्या पेशींच्या हातून ते निसटतात. पाणथरी म्हणजे रक्ताची चाळण. तिथे रक्त सावकाश झिरपतं आणि हे बुळबुळीत चोर पकडले जातात. चाळण गेली की यांतला एखादा रक्तात शिरला तर दुपारचा ताप मध्यरात्रीपर्यंत जिवावर बेतू शकतो. अशा संसर्गात उशीर झाला तर निम्म्याच्या आसपास माणसं जातात. तुम्ही घाबराल म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगते. हे क्वचित होतं. अपघातात पाणथरी गेलेली बहुसंख्य माणसं म्हातारी होऊन नातवंडं खेळवतात. धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो, पण तो कायमचा शून्य होत नाही. वीस वर्षांनीही असा संसर्ग झालेली माणसं आहेत. सेप्सिस पुन्हा होईल का, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. आयसीयूतला तो सेप्सिस मारामुळे आणि नळ्यांमुळे झाला, तो प्रसंग संपला. यापुढे जपायचं ते पाणथरी नसण्याला.

लसी अशा: न्यूमोकोकसच्या, मेनिंगोकोकसची, हिबची (हे दोघेही असेच कवचवाले जीवाणू), आणि दरवर्षी फ्लूची. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू करतात. तुम्हाला अकरा आठवडे होत आले. उशीर झाला, पण वेळ गेलेली नाही. न्यूमोकोकसच्या दोन प्रकारच्या लसी असतात, त्या ठरावीक अंतराने घ्यायच्या, आणि काहींचे डोस पुढे काही वर्षांनी पुन्हा लागतात. वेळापत्रक फिजिशियनकडून लिहून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. बाळांच्या सरकारी लसीकरणात यांतल्या काही असतात, मोठ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी विकत घ्याव्या लागतात, आणि त्या स्वस्त नाहीत. पैशांची ओढाताण असेल तर टप्प्याटप्प्याने घ्या, पण न्यूमोकोकस आधी.

लसीनेही सगळे जंतू अडत नाहीत. म्हणून तापावर नजर ठेवा. १००.४ किंवा वर ताप, हुडहुडी, एकदम गळून जाणं, असंबद्ध बोलणं, स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला २२ च्या वर श्वास, यांतलं काहीही झालं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ ला फोन लावा किंवा गाडी काढा. तुमच्या गावापासून मोठं हॉस्पिटल पाऊण तासावर आहे असं लिहिलंय. अशांसाठी घरात अँटिबायोटिकचा एक राखीव डोस ठेवायला डॉक्टर सांगतात, कोणता आणि किती ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तो घ्यायचा आणि निघायचं. तो घेऊन घरी थांबायचं नाही! पोचल्यावर दारातच सांगायचं, "पाणथरी काढलेली आहे." कॅज्युअल्टीतला नवखा डॉक्टर पोटावरचा टाक्यांचा व्रण बघेलच असं नाही. म्हणून मराठीत आणि इंग्रजीत हीच ओळ लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून लायसनच्या मागे ठेवा.

गोठ्यावर दोन कुत्री आहेत ना? कुत्रं चावलं, नुसता दात लागला तरी, रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकही लागतं. कुत्र्याच्या लाळेतला एक जीवाणू एरवी कोणाला फारसं काही करत नाही, पण पाणथरी नसलेल्याच्या जिवावर बेतू शकतो. मलेरियाही यांना जोरात होतो. गडचिरोलीकडे किंवा पावसाळ्यात मलेरिया चालू असलेल्या गावाला जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणी न्या.

काढा आणि चूर्ण. टाकीचं उदाहरण आठवतंय ना? प्रतिकारशक्ती 'वाढवायची' ही भाषाच यांच्या बाबतीत फसवी आहे. जी चाळण गेली ती गुळवेलीने उगवत नाही. कोविडच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचा काढा रोज पिणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. एवढी औषधं झेललेल्या यकृतावर मी तो वाद खेळणार नाही. बंद करा. मेहुण्यांच्या चूर्णाच्या डब्यावर कंपनी, घटक, बॅच नंबर काहीच नाही, फोटोत दिसतंय. अशा बेनाव चूर्णांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने दोन दिवसांत भूक लागते, तरतरी येते, आणि प्रतिकारशक्ती दबते! मेहुण्यांचं मन न दुखावता डबा फेकून द्या. सांगायचं तर माझं नाव सांगा.

त्यापेक्षा पोटभर जेवण. दुधाचाच धंदा आहे, तेव्हा दूध-पनीर घरचं. रोज दोन अंडी, डाळ घट्ट, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर मासे-मटण. झिजलेले स्नायू प्रथिनांनी आणि चालण्याने भरतात. रोज गोठ्यापर्यंत काठी घेऊन, मग हळूहळू बांधापर्यंत. तंबाखूची पुडी सुटली असं लिहिलंय, परत घरात येऊ देऊ नका. दहीभात हवा तेवढा.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कधी भरती करायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जा. बिल झाल्यावर नाही.

काचेचा थर्मामीटर तुमच्या घरात आहे का ते कळलं नाही. नसेल तर डिजिटल घ्या, आणि तो त्या चौकटीच्या वहीच्या बाजूलाच ठेवा. वहीत अजून बरीच पानं कोरी दिसतात. पुढच्या पानावर पहिली लस टोचल्याची तारीख लिहा आणि त्या पानाची झेरॉक्स मला पाठवा.